वरून आलेलं उत्तर

राजाजीनगर, बेंगळुरू
२२ जून २०२५

ती. पद्माकरकाका,
तुम्हाला आणि काकूला नमस्कार.

तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तुम्ही "काय?" विचारायचं. परवा मी 'वायरमन' म्हणाले आणि तुम्ही काकूला सांगितलंत, की पोरीला तिथला वारा मानवलाय. म्हणून हे पत्र. माझ्या खोलीतली श्वेता हेब्बाळला आयटीत आहे. मी पाकिटावर तिकीट चिकटवताना ती म्हणाली, "यार, लेटर? सीरियसली? कुरिअर तरी कर." मी सांगितलं, आमच्या काकांना टपालाचंच लागतं.

तर वारा नाही, वायरमन. संगमनेरला आयटीआय झालं, त्यानंतर आता मी इथे वासुदेवअण्णा नावाच्या कंत्राटदाराकडे उमेदवारी करते. ते कामं घेतात आणि ओरडतात. काम शिकवतात ते विश्वेश्वरअण्णा, आमचे सुपरवायझर. त्यांची बायको बेळगावकडची, त्यामुळे "जेवलीस?", "ये गं ताई" इतपत मराठी त्यांना येतं आणि ते माझ्यावर वापरायची हौसही आहे. बाकी आमचं चालतं हिंदीत. हात कामात असले की मात्र सगळे कन्नडवर येतात, मग मी अंदाजाने मान हलवते. आमचे संगमनेरचे सर करंट असलेल्या तारेला जिवंत आणि नसलेल्या तारेला मेलेली म्हणायचे, ते मी विश्वेश्वरअण्णांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं, की दिवसभर प्रत्येक तारेकडे बोट दाखवून "मेलेली?" विचारत होते.

सध्या आम्ही आप्पाजी नावाच्या आजोबांच्या जुन्या घराची वायरिंग बदलतोय. काका, भिंत फोडली की आत दुसरंच घर असतं. कुणी कुठे घाई केली, कुणी तार वाचवली, सगळं दिसतं. पुढच्या खोलीत एक बटण आहे, ते दाबलं तर काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही, घंटा नाही. आप्पाजी म्हणतात, "अदु डेड, बिडम्मा," म्हणजे ते मेलंय, सोड. पण मला काही सोडवत नाही. बटण आहे म्हणजे तार आहे, आणि तार आहे म्हणजे ती कुठेतरी जाते. उद्यापासून मी तिच्या मागावर आहे.

सप्टेंबरात परवान्याची परीक्षा आहे. ज्या परवानाधारकाच्या हाताखाली काम केलं, त्याची सही अर्जावर लागते, म्हणजे विश्वेश्वरअण्णांची. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परवाना नाही तर मी जन्मभर दुसऱ्याची शिडी धरणार. पण ते देतील, माझ्या कामावर खूश आहेत.

तुमची
यशश्री


गडहिंग्लज
३० जून २०२५

चि. यशश्री,
आशीर्वाद, आणि वाऱ्याबद्दल माफी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि काकूला एकदा वाचून दाखवलं. तिचा प्रश्न एकच, तिथे जेवायला काय मिळतं. माझे बरेच आहेत. क्रमाने उत्तरं दिली नाहीस तरी चालेल, पण दे.

बटणाला कसं कळतं की कोणता दिवा लावायचा? हसू नकोस. मी आयुष्यभर कापड विकलं, तुझी ती वीज मला कधी दिसली नाही. न दिसता मारणाऱ्या दोनच गोष्टींना मी भितो, भुतं आणि वीज. घरातला बल्ब अजून काकूच बदलते, मी खाली उभा राहून सूचना देतो. दुसरं, तार भिंतीत कुठे गेली हे भिंत न फोडता कसं ओळखता? तिसरं, एक मुलगी आपल्या घराच्या भिंतींना भोकं पाडत हिंडते हे बघून आप्पाजी काय म्हणाले? तिथल्या बायका विचारतात का, की ही कुणाची, हिला कुणी पाठवलं?

तुमच्या बेंगळुरूच्या चिकपेटला मी सासऱ्यांबरोबर दुकानासाठी साड्या भरायला यायचो. एका गल्लीत तीनदा शिरून तीनदा त्याच दुकानासमोर निघालो होतो, आणि तिसऱ्या वेळी त्या दुकानदाराने मला चहा पाजला. तिकडे गेलीस तर सांग, अजून माणसं तशीच हरवतात का.

बटणाचं काय झालं ते आधी लिही. मला झोप लागेना. काकू म्हणते, तुम्हाला तसंही लागत नाही.

तुझा
पद्माकरकाका


राजाजीनगर
१४ जुलै २०२५

ती. काकांना नमस्कार.

उशीर झाला. काम होतं. पेन नवीन आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय.

बटण कुठेच जात नाही. तार दारावरच्या पेटीपर्यंत येते आणि तिथे तोडलेली आहे. एवढंच.

परीक्षेला यंदा बहुतेक बसणार नाही. पुढच्या वर्षी बघू. विश्वेश्वरअण्णांना मी समजत होते तसे ते नाहीत. माणूस तोंडावर खोटं बोलतो तेव्हा काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

काकूला सांगा, जेवण ठीक आहे.

यशश्री


गडहिंग्लज
१९ जुलै २०२५

चि. यशश्री,

कापडाच्या धंद्यात एक सवय लागते. गिऱ्हाईक काय बोलतं त्याआधी त्याचा हात कापडावर कसा फिरतो ते बघायचं. तुझं अक्षर उजवीकडे झुकतं, या पत्रात ते डावीकडे कलंडलंय. पेनाने असं होत नाही. हे डाव्या हाताने लिहिलंस. उजव्याला काय झालं?

आणि तुझ्या पत्रात एकही प्रश्न नाही. लहानपणी गोळी गिळायच्या आधी ती कुठे जाते हे विचारणारी तू, आणि तुला छळणारं बटण "एवढंच" म्हणून संपवतेस? हे मला हातापेक्षा जास्त लागलं.

तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. पण मला सगळं लिही. कुणी तुला खोटं सांगितलं असेल तर काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, जसंच्या तसं. तुझा अर्थ नको, शब्द पाठव. अर्थ मी इकडे लावतो.

अजून एक. आमच्या दुकानात येतो तो वायरमन हात घालण्याआधी पेनासारखं काहीतरी टेकवतो, त्यात लाल दिवा लागतो. ते तू टेकवलं होतंस का?

वाट बघतोय.
पद्माकरकाका


राजाजीनगर
२५ जुलै २०२५

ती. काका,

तुमच्यापासून लपवायला फोनच बरा होता.

हो, शॉक बसला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली आणि स्टुलावरून पडले. आता बरी आहे, हे पत्र उजव्या हाताने लिहितेय, बघून घ्या. शॉक बसतो तेव्हा वाटतं की आपल्याला आतून कुणीतरी धरून हलवतंय आणि सोडत नाहीये. मी पडले म्हणून सुटले. त्या रात्री फार रडले, दुखलं म्हणून नाही, घाबरले म्हणून. 

ते बटण सतत चालूच होतं. म्हणजे वर्षानुवर्षं त्या तोडलेल्या टोकापर्यंत करंट येत होता आणि सगळे त्याला मेलेलं समजत होते. मी दारावरची पेटी उघडली. विश्वेश्वरअण्णा वरच्या मजल्यावर होते. खालून हाक मारली, "अण्णा, मेन?" म्हणजे मेन स्विच बंद आहे ना. त्यांनी वरून उत्तर दिलं. तुम्ही शब्द मागितलेत, तर शब्द असे होते: "मेन मेले." दोनदा म्हणाले. "मेन मेले, मेन मेले." माझ्यासाठी मराठीत म्हणाले, मीच तर शिकवलं होतं त्यांना, जरा मोडकं म्हणाले इतकंच. मी हात घातला.

दुसऱ्या दिवशी वासुदेवअण्णांनी आम्हा दोघांना उभं केलं. मी हिंदीत सांगितलं, "इन्होंने बोला मेन बंद है." विश्वेश्वरअण्णा म्हणाले, "मैंने बंद बोला ही नहीं. मैंने बोला मेन ऊपर है." काका, 'ऊपर' हा शब्द त्यांच्या तोंडून आलाच नव्हता. मी शपथ घ्यायला तयार होते. मी तसं म्हणालेही, सगळ्यांसमोर, की हे स्वतःला वाचवायला खोटं बोलतायत. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले.

वासुदेवअण्णांना वाद नको होता. त्यांनी विश्वेश्वरअण्णांना साइटवरून काढून स्वतःच्या चिकपेटच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यामागे बसवलं. इतक्या वर्षांचा सुपरवायझर तिथे क्लिपा मोजून देतोय. मला वासुदेवअण्णा म्हणाले, "देखो अम्मा, सही वोही करेगा. जाके सॉरी बोलो, नहीं तो अगले साल." पण सॉरी कशाबद्दल? भाजले मी. परीक्षेसाठी खोट्या माणसाच्या पाया पडायचं असेल तर मला परवाना नको.

खरं म्हणजे मला तो फार हवाय. आणि त्यांनी असं का केलं हे कळत नाही म्हणून जास्त त्रास होतोय. ते तसे वाटत नव्हते.

यशश्री


गडहिंग्लज
३० जुलै २०२५

माझ्या पोरी,

आधी बोटं. त्यांना खोबरेल लावू नकोस, डॉक्टरने दिलेलं मलमच लाव. हे काकूचं.

आता माझं. तुझं पत्र वाचताना मी घाबरलो, मग त्या दोन शब्दांपाशी आलो आणि मोठ्याने हसलो, आणि मग हसल्याची लाज वाटली. ते दोन शब्द मी पुन्हा वाचले. काकूला बोलावून तिच्याकडून वाचून घेतले. मग स्टूल ओढून बसलो.

मी संगमनेर सोडून सासऱ्यांच्या दुकानात बसायला लागलो तेव्हाची गोष्ट. कर्नाटकची सीमा इथून हाकेच्या अंतरावर, निम्मी गिऱ्हाइकं संकेश्वरकडची, कन्नड बोलणारी. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "मेले, मेले." मला वाटलं, हिच्या घरी कुणीतरी गेलं, आणि ही आभाळाकडे बोट दाखवतेय. मी हळहळलो. पाणी आणून दिलं. कोण गेलं, केव्हा गेलं विचारलं. सुतकासाठी पांढरं कापड काढायला लागलो तेव्हा सासरे मागून आले, शिडी लावली आणि तिला वरच्या फळीवरची हिरवी साडी काढून दिली. ती म्हातारी पुढे वीस वर्षं येत राहिली आणि दर वेळी मला बघून हसायची.

यशश्री, कन्नडमध्ये मेले म्हणजे वर.

तू खालून विचारलंस, मेन? त्यांना वाटलं, मेन कुठे आहे विचारतेय. हात कामात असणार, तूच लिहिलंस की तेव्हा ते कन्नडवर येतात. त्यांनी सांगितलं, मेन वर आहे, मेन वर आहे. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी तेच हिंदीत सांगितलं, ऊपर. तू म्हणतेस ऊपर हा शब्द आला नव्हता. बरोबर, नव्हता आला. ते म्हणतात बंद हा शब्द आला नव्हता. तेही बरोबर. तुम्ही दोघं खरं बोलत होतात, आणि तुला त्याची जितकी खात्री होती तितकीच त्यांनाही होती. फरक इतकाच, की तू त्यांना सगळ्यांसमोर खोटं म्हणालीस आणि त्यांनी तुला म्हटलं नाही.

तुला बरं वाटावं म्हणून इथेच थांबायला हवं होतं. पण मी गेल्या पत्रात एक प्रश्न विचारला होता आणि तू इतकं सविस्तर लिहूनही त्याला बगल दिलीस. तो पेनासारखा टेस्टर कुठे होता?

माझा अंदाज, तुझ्याजवळच. आणि तू तो लावला नाहीस. म्हणून तुला कुणीतरी खोटारडा हवा होता. हे चुकीचं असेल तर मला खडसाव, मी आनंदाने ऐकून घेईन, ऐकू आलं तर.

जा त्या माणसाकडे. सहीसाठी जाऊ नकोस.

पद्माकरकाका


राजाजीनगर
१७ ऑगस्ट २०२५

ती. काका,

तुम्हाला खडसावण्यासारखं काही नाही. टेस्टर खिशात होता. तुमचा प्रश्न मी वाचला होता आणि वाचला नाही असं ठरवलं होतं.

तुमचं पत्र मी जिन्यातच उभ्याने वाचलं. 'मेले म्हणजे वर' या ओळीपाशी माझे कान तापले. खात्री करायला घरमालकीणबाईंना विचारलं, अक्का, मेले म्हणजे काय. त्यांनी काही न बोलता गच्चीकडे बोट केलं. मग मी जेवलेच नाही.

मागच्या रविवारी मेट्रोने चिकपेटला गेले. हो, अजून माणसं हरवतात, मी स्वतः हरवले. दुकान सापडलं तेव्हा विश्वेश्वरअण्णा कुणालातरी वायरचं भेंडोळं दाखवत होते. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले. मी थांबले. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. हिंदीत सांगायला सुरुवात केली, पण या गोष्टीची गंमत अशी, की ती एका भाषेत सांगताच येत नाही. शेवटी मी छताकडे बोट करून म्हणाले, "कन्नडा, मेले." मग डोळे मिटून मान टाकली आणि म्हणाले, "मराठी, मेले."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "ताई, इतने दिन मैं सोच रहा था, शायद मैंने ही बंद बोला होगा. तू इतना पक्का बोली ना. बीवी को भी बोला, मेरे को याद नहीं रहता अब. डॉक्टर को दिखाने वाला था."

काका, मला वाटत होतं की माझं नुकसान झालंय, वर्ष जातंय, बोटं भाजलीत. आणि इकडे हा माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून बसला होता, कारण मी ठाम होते. मी माफी मागितली. टेस्टरचंही सांगितलं, तुम्हाला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं. सहीचा विषय मी काढला नाही. काढायला तोंडच नव्हतं.

वासुदेवअण्णांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ते आधी म्हणाले, "येन तमाशा," म्हणजे काय हा तमाशा, आणि नंतर स्वतःच दुकानभर सगळ्यांना ती गोष्ट सांगत सुटले, हातवाऱ्यांसकट. विश्वेश्वरअण्णा आता पुन्हा साइटवर आहेत. आम्हाला हेब्बाळच्या एका नव्या इमारतीचं काम मिळालंय. मेन कुठे आणि कसा, हे आता सगळे सगळ्यांना कन्नड, हिंदी आणि मराठी, तिन्हींत सांगतात. श्वेता म्हणते, तुमच्या साइटवर एअरपोर्टसारख्या अनाउन्समेंट होतात.

अर्ज भरायची मुदत या आठवड्यात संपते. मी अर्ज पिशवीत घेऊन फिरत होते आणि बाहेर काढत नव्हते. काल एका फ्लॅटमध्ये विश्वेश्वरअण्णा शिडीवर होते. मला म्हणाले, मेन बंद कर. मी स्वतः जाऊन बंद केला, त्यावर पाटी अडकवली, परत आले आणि सांगितलं, बंद केला. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि तारेला लावला.

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, यांचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ते शिडीवरूनच म्हणाले, "बीवी बंद करती है तो भी मैं देखता हूँ. बीस साल से. कभी गुस्सा नहीं हुई." मग खाली उतरले आणि हात पुढे केला. "अर्जी ला. थैली में लेके कितना घूमेगी?"

मी अर्ज दिला. त्यांनी तो भिंतीला लावून सगळा वाचला, माझं नावसुद्धा एकेक अक्षर करून वाचलं. आणि सही न करता विचारलं, "परीक्षा में पूछेंगे. तार को हाथ लगाने से पहले क्या करेगी?"

"टेस्टर लावेन," मी म्हणाले. घाबरले की मी मराठीवर येते.

"और मैं बोला, विश्वेश्वर बोला, कि बंद है. तब?"

 याच माणसाला मी चारचौघांत खोटं म्हटलं होतं, त्याच्या तोंडावर पुन्हा तेच कसं म्हणायचं?  

"तरी लावेन," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तरीही."

मग त्यांनी पेन मागितलं.

तुमची
यशश्री